अक्काचा पेपर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी दर रविवारी अंध मुलींसाठी वाचायला जाऊ लागले. त्यामागं सेवेची हौस नव्हती. आमच्या सोलापूरच्या कॉलेजात शहरातल्या एखाद्या संस्थेत वर्षभर नियमित काम केलं की वेगळे गुण मिळायचे आणि पुढच्या वर्षीच्या हॉस्टेलच्या अर्जावर हे काम बघणाऱ्या बाईंची शिफारस मिळायची. मला दोन्ही हवं होतं. यादी लागली तेव्हा वृद्धाश्रम, रक्तपेढी, वस्तीतला अभ्यासवर्ग ही कामं शहरातल्या मुलींनी भराभर घेतली. मी जेऊरकडच्या खेड्यातून आलेली. कुठं काय असतं ते ठाऊक नसल्यानं मागंच उभी राहिले. शेवटी उरलं ते 'अंधांसाठी वाचक'.

बाईंनी विचारलं, "स्पष्ट वाचता येतं ना?"

"व्हय," मी म्हणाले. मागच्या बाकांवर हसू फुटलं.

त्या एका 'व्हय'ची पुढं महिनाभर नक्कल होत राहिली. हॉस्टेलच्या जेवणाच्या रांगेतसुद्धा कुणीतरी मागून म्हणायचं, "भात पायजे का? व्हय व्हय." त्यामुळं मी पहिल्या रविवारी संस्थेत गेले ती तोंड न उघडण्याचं ठरवून. वाचक म्हणून जाणाऱ्या मुलीनं असं ठरवून निघावं, हे आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं.

संस्था शहराच्या पूर्व भागात होती. खाली टॉवेलांचे गठ्ठे बांधायचं काम चालायचं आणि वरच्या दोन खोल्यांत ही संस्था. चालवणारे सर निवृत्त शिक्षक होते. त्यांना स्वतःला एका डोळ्यानं अंधूक दिसायचं, दुसऱ्यानं काहीच नाही. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "दोनच गोष्टी. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करायचा. आणि जे छापलंय तेच वाचायचं. कळलं नाही तरी वाचायचं, चूक वाटलं तरी वाचायचं. तू इथं डोळे म्हणून आलीयस, मास्तर म्हणून नाही."

मी मान हलवली. मग ध्यानात आलं की मान हलवलेली त्यांना दिसली नसेल. "व्हय सर," असं तोंडातून गेलंच. ते हसले नाहीत.

माझ्याकडं दिली ती अक्का. संस्थेतल्या सगळ्या मुली तिला अक्काच म्हणत. तिच्या घरच्या तेलुगूत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि आमच्याकडंही म्हणतात, त्यामुळं मला ते नाव जड गेलं नाही. ती तेव्हा पंचविशीची असेल. सातवीत असताना तिला कडेचं दिसेनासं झालं. घरच्यांना वाटलं, अभ्यास टाळायला सांगते. काचबिंदू आहे हे कळेपर्यंत उशीर झाला आणि दहावीच्या आधीच सगळा अंधार झाला. मधली कितीतरी वर्षं ती घरात विड्या वळत बसून होती. मग कुणीतरी तिला या संस्थेत आणलं. बोलणारा फोन वापरायला ती इथंच शिकली, आणि राहिलेली शाळा पुरी करून आता बाहेरून बी.ए. करत होती. दुसरं वर्ष चालू होतं. कॉलेजच्या तासांना ती बसत नसे. पुस्तकात काय आहे ते तिला आमच्यासारख्यांच्या तोंडूनच कळायचं.

पहिल्या दिवशी मी बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज काढून वाचायला लागले. प्रत्येक 'आहे'वर जोर. एक पान झालं तसं तिनं हात वर केला.

"अगं, असं काय वाचायलीस? घरी बोलतीस तसं वाच की."

"घरी बोलते तसं वाचलं तर लोक हसतात."

"हितं कोण हाय हसायला? मी हाय. मला पास व्हायचंय, हसायचं नाय."

मग मी माझ्या आवाजात वाचलं. 'भारत' माझ्या तोंडून 'बारत' यायचा आणि ती तो बरोबर समजून घ्यायची. चार-पाच रविवारांनंतर ती म्हणाली, "तुझ्या वाचण्यात वाक्य कुठं संपतं ते कळतं. बाकीच्या मुली पळतात." त्या शहरात माझ्या बोलण्याबद्दल कुणी काही चांगलं म्हटल्याची ती पहिली वेळ होती. मी हॉस्टेलपर्यंत चालत गेले. रिक्षात बसावंसं वाटलं नाही.

दिवाळीनंतर मी तिच्या घरीच जाऊ लागले, कारण संस्थेत खालचा आवाज फार यायचा. एका लांबट चाळीत त्यांची एक खोली होती. तिचे वडील मागावर काम करायचे, ते वारले होते. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बाजूला दोऱ्याचं रीळ. अक्काही आईशेजारी बसून वळायची. या कामाला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, असं ती म्हणायची. पालथ्या डब्यावर तिचा फोन ठेवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं आणि मी वाचायला बसायचं. ते रेकॉर्डिंग ती आठवडाभर विड्या वळता वळता ऐकायची, पाठ होईपर्यंत.

तिच्या आईला मराठी कमीच यायचं. मी दारात दिसले की ती एकच विचारायची, "तिन्नावा?" जेवलीस का? मी हो म्हटलं तरी ताटली पुढं यायचीच.

असे तीनेक महिने गेले. मग तो फेब्रुवारीतला रविवार आला.

हॉस्टेलमधल्या ज्या मुली माझी नक्कल करायच्या त्यांनी त्या दिवशी सकाळी मला विचारलं, "पिक्चरला येतेस का? एक तिकीट जास्तीचं आहे." त्यांनी मला कशासाठीही बोलावलं होतं ते पहिल्यांदाच. मी लगेच हो म्हणाले. अक्काकडं जाऊन एक धडा भरभर वाचायचा आणि थेट थिएटर गाठायचं असा हिशेब केला. फोन करून आज येत नाही म्हणाले असते तर काही बिघडलं नसतं. पण न गेल्याची नोंद झाली असती, आणि माझे गुण हजेरीवर होते.

धडा होता पंचायत समितीचा. छापील पुस्तक नव्हतं, कुणाच्या तरी नोट्सच्या झेरॉक्स होत्या. त्यावर मागं कधी चहा सांडलेला आणि काही पानं चिकटलेली. एक पान वाचून मी पुढचं उलटलं. दोन पानं एकदम उलटली गेली. वाक्य जुळलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी क्षणभर थांबलेही होते. पण तेवढ्यात माझ्या फोनवर त्या मुलींचा मेसेज दिसला, 'निघालो, तू कुठं आहेस', आणि मी तशीच पुढं वाचत गेले. पुढच्या पानावर जिल्हा परिषदेची रचना सुरू झालेली होती. वर मथळा नव्हता. तो चिकटलेल्या पानात राहिला.

"झालं गं अक्का. एवढंच होतं," असं म्हणून मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि उठले. पिक्चर कुठला होता ते आता आठवत नाही.

परीक्षा एप्रिलमध्ये होती. अक्काचा पेपर लिहायला एक अकरावीतली मुलगी ठरली होती. परीक्षेच्या दोन दिवस आधी तिला कांजिण्या आल्या. सरांचा मला फोन आला. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो. मी पहिल्या वर्षाला, त्यात विज्ञान शाखेची, म्हणून नियमात बसत होते. माझे पेपर नंतरचे होते. मी आनंदानं तयार झाले.

आम्हाला ग्रंथालयाशेजारची एक छोटी खोली दिली होती. टेबलाच्या एका बाजूला आम्ही दोघी, दारापाशी देखरेखीच्या बाई. मी प्रश्न वाचायचा, अक्कानं सांगायचं, मी लिहायचं. पहिल्या दोन पेपरांत आमचा मेळ असा बसला की बाई म्हणाल्या, "तुम्ही बहिणी आहात काय?" वाक्य सांगून झालं की अक्का टेबलावर बोट टेकवायची, मी "हं" म्हणायचे आणि ती पुढचं सांगायची.

तिसरा पेपर स्थानिक शासनाचा. मी प्रश्न वाचला, "पंचायत समितीची रचना व कार्ये स्पष्ट करा." अक्काचा चेहरा उजळला. तिनं जराही न अडखळता सांगायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद ठीक होता. मग ती म्हणाली, "पंचायत समितीच्या प्रमुखास अध्यक्ष असे म्हणतात. मुख्य कार्यकारी अधिकारी हे तिचे प्रशासन पाहतात."

माझा पेन थांबला.

राज्यशास्त्र मी शिकलेले नव्हते. पण पंचायत समिती काय असते हे मला पुस्तकाशिवाय माहीत होतं. विहिरीच्या कागदासाठी आमचे दादा, म्हणजे माझे वडील, करमाळ्याला पंचायत समितीत कितीदा गेले होते. घरी आले की जेवताना तेच बोलणं. बीडीओ सायब भेटले न्हाईत. सभापतींची चिठ्ठी आणा म्हणाले. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की तिथं सभापती असतो आणि गटविकास अधिकारी असतो. अक्का शहरातली. तिच्या घराला महापालिका माहीत, पंचायत समितीशी तिचा संबंध येणार कुठून? तिला माहीत होतं ते फक्त मी वाचलेलं.

ती पुढं सांगत होती. स्थायी समिती, शिक्षण समिती, बांधकाम समिती. एकेक शब्द माझ्या त्या रविवारच्या घाईतला. मला ती चिकटलेली पानं दिसली, त्यावरचा चहाचा डाग दिसला.

अक्कानं टेबलावर बोट टेकवलं. "लिहिलीस?"

"हं," मी म्हणाले. कागदावर मी लिहिलं होतं, 'पंचायत समितीच्या प्रमुखास सभापती असे म्हणतात. गटविकास अधिकारी हे तिचे सचिव असतात.'

त्यानंतर दीड पान मी तसंच केलं. ती सांगायची एक, मी लिहायचे दुसरं आणि दर वाक्याला "हं" म्हणायचे. देखरेखीच्या बाई दारात उभ्या राहून बाहेर कुणाशी तरी बोलत होत्या. माझं अक्षर बिघडत गेलं. पण थांबावं, अक्काला सांगावं, 'हे माझ्यामुळं चुकलंय', हे मनात येऊनही तोंडात आलं नाही.

बाहेर आल्यावर तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "आजचा पेपर मस्त गेला बघ. पंचायत समिती तर तोंडपाठच होती."

त्याच महिन्यात कॉलेजात वर्षाखेरीचा कार्यक्रम झाला. सेवेच्या कामात चांगली हजेरी असणाऱ्यांना व्यासपीठावर बोलावून प्रमाणपत्रं दिली. माझं नाव दुसरं होतं. नक्कल करणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी ते घेतलं, खोलीवर आले आणि पेटीत कपड्यांच्या तळाशी घातलं. गुणही मिळाले, शिफारसही मिळाली.

निकाल लागला तेव्हा मी गावाकडं होते. सोलापुरात परत आल्यावर अक्काकडं गेले. तिच्या आईनं माझ्यासाठी शिरा करून ठेवला होता. अक्कानं मला गुण सांगितले. सगळ्यात जास्त स्थानिक शासनात होते. "त्या पेपरात मला एवढे पडतील असं सरांना पण वाटलं नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज मी एवढा खुश कधी ऐकला नव्हता. मी शिऱ्याची ताटली खाली ठेवली.

मी त्याच दिवशी सांगितलं. सगळं सांगितलं, पिक्चरचं, चिकटलेल्या पानांचं आणि दीड पानाचं. आई मधे बसून विड्या वळत होती, तिला आमचं भराभर बोलणं कळत नव्हतं.

 अक्का म्हणाली, "काय लिहिलीस ते सांग."

मी आठवेल तसं म्हणून दाखवलं. 'गटविकास अधिकारी'वर तिनं मला थांबवलं.

"हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकायलेय. माझ्या पेपरात हाय, माझ्या नावावर गुण हाय, आणि मला माहीत नाय."

"अक्का, तू चुकली नव्हतीस. माझ्यामुळं..."

"थांब." तिनं फोन हातात घेतला. बोटांनी शोधत शोधत तिनं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग काढलं. ते तिनं पुसलं नव्हतं. त्या खोलीत माझा आवाज सुरू झाला. मी ज्या आवाजासाठी रिक्षात न बसता चालत गेले होते, तो हाच आवाज होता, पण पळत असलेला. वाक्यं एकमेकांवर आदळत होती. मग पान उलटल्याचा आवाज, एक लहानसा थांबा, आणि पुढचं वाक्य, ज्याला मागचं काहीच जुळत नव्हतं. शेवटी, "झालं गं अक्का. एवढंच होतं."

तिनं फोन खाली ठेवला. "हा थांबा मी शंभरदा ऐकला. मला वाटायचं, तू श्वास घेतलीस."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, पण हात पुढं केला नाही.

"तू माझ्यावर दया केलीस का स्वतःला वाचवलीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. "सोताला," मी म्हणाले.

"मग तसंच म्हण. माझ्या भल्यासाठी केलं असं कुणाला सांगू नको." आणि जरा वेळानं, अगदी हळू, "हात तुझा, तोंड माझं. एवढंच ठरलं होतं की गं आपलं."

आईनं वर बघितलं. मी का रडते हे तिनं तेलुगूत विचारलं असावं. अक्कानं काहीतरी उत्तर दिलं. आईनं शिऱ्याची ताटली माझ्याकडं आणखी सरकवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरांकडं गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

"हे कळवायला पाहिजे," ते म्हणाले. "कळवलं तर हिचा निकाल अडकेल. आणि पुढं आपल्या प्रत्येक मुलीच्या पेपराकडं लोक त्याच नजरेनं बघतील. हिनं लिहिला का लिहिणाऱ्यानं?"

"आणि नाही कळवलं तर?" अक्कानं विचारलं.

"तर आपल्या तिघांना ते मनात ठेवून राहावं लागेल."

आम्ही कळवलं नाही. ते बरोबर झालं का, हे मला आजही सांगता येत नाही. सरांनाही ते पचलं नसावं. त्या दिवशी जिना उतरून ते आम्हाला सोडायला खालपर्यंत आले, जे कधी करत नसत, आणि परत वर गेले. अक्का मात्र उठता उठता म्हणाली होती, "मला तो पेपर परत द्यायचाय. माझा मी." सरांनी नंतर चौकशी केली. पदवी हातात आली की गुण सुधारण्यासाठी एखादा पेपर पुन्हा देता येतो, असं कळलं. म्हणजे आणखी एक वर्ष थांबायचं.

पुढचे काही रविवार मी गेलेच नाही. कुठल्या तोंडानं जायचं? हजेरीची गरज आता नव्हती, कॉलेजचं ते वर्ष संपलं होतं. एका शनिवारी सरांचा फोन आला.

"उद्या येत नसशील तर आज कळवायचं, असा नियम आहे ना?"

"सर, तिला माझं वाचणं नको असंल."

"तिनं तसं मला सांगितलेलं नाही. तुला सांगितलंय का? तिसऱ्या वर्षाची पुस्तकं आलीत आणि वाचणारं कुणी नाही. तुझी लाज तुझ्याकडं ठेव आणि ये."

मी गेले. अक्कानं पालथा डबा पुढं केला, त्यावर फोन ठेवला आणि म्हणाली, "पान उलटलीस की नंबर बोलायचा. मोठ्यानं."

ते सबंध वर्ष मी प्रत्येक पानाचा नंबर बोलत वाचलं. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. पहिले काही महिने तिनं वाचण्यापलीकडं माझ्याशी दुसरं बोलणं केलं नाही. 'ये', 'वाच', 'पुरे'. मी गावाकडचं काही सांगायला गेले की ती "हं" म्हणायची आणि तो "हं" मला टोचायचा. तिसऱ्या वर्षाचे पेपर लिहायला तिनं दुसरी मुलगी घेतली. मी तिला परीक्षेच्या दारापर्यंत सोडायचे आणि बाहेर कट्ट्यावर बसायचे. त्याआधी एकदा गावाकडं आमच्या मेंढरांत रोग येऊन चार-पाच गेली. त्या रविवारी मी नेहमीसारखीच वाचत होते. तिनं मधेच मला थांबवलं, "आज काय झालंय तुला? आवाज बसलाय." मी सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मेंढरांची नावं असतात का, ती आजारी पडली की कळतं कसं, असं बराच वेळ विचारत राहिली. त्या दिवशी आम्ही दोनच पानं वाचली.

ती पदवीधर झाली तेव्हा मी दुसरं वर्ष संपवून तिसऱ्याला गेले होते. तिनं स्थानिक शासनाचा अर्ज भरला. यावेळी तिनं पुस्तक छापील मागवलं होतं आणि तो धडा माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला. मग परीक्षेच्या आठवडाभर आधी म्हणाली, "लिहायला तू बस."

"दुसरी कुणीबी चालंल की अक्का."

"चालेल. पण तूच बस."

"का?"

"दुसरीला सांगितलं तर माझा पेपर होईल. तू लिहिलीस तर दोघींचं मागचं फिटेल." मग तिला ते जास्त झाल्यासारखं वाटलं असावं. "आणि तुझं अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली.

तीच खोली नव्हती, देखरेखीलाही दुसरे गृहस्थ होते. पंचायत समितीवर यावेळी टीपच आली. अक्कानं ती नीट सांगितली, सभापती आणि गटविकास अधिकारी दोन्ही नावांसकट. मी लिहिलं. मला वाटलं, सुटले. पण पुढच्या प्रश्नात तिनं सांगितलं, "चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला."

ती त्र्याहत्तरावी. चौऱ्याहत्तरावी नगरपालिकांची. तिला वाचून दाखवताना ते मलाही पाठ झालं होतं. तिनं टेबलावर बोट टेकवलं आणि वाट बघत राहिली. देखरेखीचे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. एक आकडा बदलला असता तर कुणालाही कळलं नसतं, आणि यावेळी चूक माझी नव्हती, तिचीच होती. मी 'चौऱ्याहत्तराव्या' असं लिहिलं. एवढा एक शब्द लिहायला मला जो वेळ लागला तो तिलाही जाणवला असणार, कारण तिनं मान माझ्याकडं वळवली. पण काही विचारलं नाही. मी "हं" म्हणाले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काही चुकलं?"

"एक."

"कुठलं?"

मी सांगितलं. "अय्यो!" तिनं कपाळावर हात मारला. "नगरपालिकेची ती. माहीत होतं की मला." मग थांबली. "लिहिलीस?"

"तू म्हणालीस तसं."

तिनं माझा दंड धरला. आम्ही रस्त्यापर्यंत चालत आलो. तिथं उसाच्या रसाची गाडी होती. तिनं दोन ग्लास सांगितले.

निकाल आला. तिला पहिल्यापेक्षा सहा गुण कमी पडले. नियम असा की दोन्हींतले जास्तीचे गुण कागदावर राहतात. म्हणजे तिच्या गुणपत्रिकेत काहीच बदललं नाही, माझं दीड पान अजून तिथंच आहे. मला वाटलं तिला वाईट वाटेल. तिनं तो दुसरा निकाल छापून आणायला सांगितला आणि पदवीच्या कागदांबरोबर त्याच पिशवीत ठेवला.

पुढं एका कार्यालयात मुलाखतीला तिला विचारलं, स्थानिक शासनात किती गुण? तिनं दुसरे सांगितले. समोरचे साहेब म्हणाले, कागदावर तर जास्त दिसतात. "ते चुकून जास्त आलेत," अक्का म्हणाली. हे तिनंच मला फोनवर सांगितलं. साहेब गोंधळले आणि पुढचा प्रश्न विचारायचा विसरले म्हणे. ती नोकरी तिला मिळाली नाही. तीनेक महिन्यांनी दुसरीकडं मिळाली, दूरध्वनीवर बसायची. आईनं विड्या सोडल्या नाहीत, सवय सुटत नाही म्हणते.

मी आता पुण्यात असते. सोलापूरला जाते तेव्हा एक रविवार तिच्याकडं जाते. ती एम.ए. करतेय, पुस्तकं जाड झालीत. आता तिच्याकडं वाचायला दुसऱ्या मुली येतात, पण मी गेले की तिनं एक धडा माझ्यासाठी ठेवलेला असतो. मागच्या वेळी तिच्या आईनं ताटली पुढं केली आणि अक्का म्हणाली, "आधी जेव. घाई नाय आज." आम्ही जेवलो, मग वाचायला बसलो. संध्याकाळपर्यंत एकतीस पानं झाली.